होडीवर मोबाइल चार्जिंगची पक्की सोय: बॅटरी, सोलर आणि यूएसबी सॉकेट स्वतः बसवताना

होडीवरचा मोबाइल आता नुसता बोलण्यापुरता राहिलेला नाही. जाळी टाकायच्या जागा त्यात टिपलेल्या असतात, वाऱ्याचा अंदाज त्यावरच बघितला जातो, आणि इस्रोने विकसित केलेला डॅट-एसजी हा संकटसंदेश देणारा संच ब्लूटूथने मोबाइलशी जोडला की किनाऱ्यावरून आलेला निरोप मोबाइलवरच वाचायचा असतो. किनारा मागे पडला की रेंज जाते, जीपीएस मात्र चालू राहतो. तो चालू राहायला बॅटरी हवी, एवढंच.

बऱ्याच होड्यांवर यावर ठरलेला उपाय दिसतो: गाडीत लावायचा सिगारेट-लायटरचा चार्जर आणि इंजिनच्या बॅटरीला लावलेले दोन चिमटे. एक हंगाम तो चालतोही. मग चिमट्याखालची तार हिरवी पडते, चार्जिंग कधी होतं कधी नाही, आणि एखाद्या पहाटे इंजिनच चालू होत नाही, कारण रात्रभर चार मोबाइल त्याच बॅटरीवर होते. खाली दिलेली मांडणी २५ ते ३० फुटांच्या फायबरच्या, आउटबोर्ड (मागे बाहेरून लावलेल्या) इंजिनाच्या, चार माणसं घेऊन दोन दिवस बाहेर राहणाऱ्या होडीसाठी आहे. आकडे त्याच हिशेबाचे आहेत. तुमची माणसं जास्त असतील तर वाढवा.

पहाटे जाऊन दुपारी बंदरात परत येणाऱ्यांनी यातलं काहीही करू नये. २०,००० एमएएचची एक चांगली पॉवर बँक आणि रबरी कडेचा घट्ट झाकणाचा डबा पुरतो. पॉवर बँकेवरचा आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो, म्हणजे ७४ वॉट-अवर. बाहेर त्यातले साठेक मिळतात आणि पावणेतीन मोबाइल भरतात. तेवढ्यात काम भागत असेल तर होडीला भोकं पाडायची गरज नाही.

आधी हिशेब, मग खरेदी

५,००० एमएएचच्या मोबाइलच्या बॅटरीत साधारण १९ वॉट-अवर ऊर्जा मावते. सॉकेटमधल्या कन्व्हर्टरमध्ये (१२ व्होल्ट उतरवून मोबाइलला देणाऱ्या सर्किटमध्ये) आणि मोबाइलच्या आत मिळून पाचवा हिस्सा, कधी थोडा जास्तच, उष्णतेत जातो. त्यामुळे १२ व्होल्टच्या बॅटरीतून एका मोबाइलमागे २५ वॉट-अवर धरा. तांडेलाचा, म्हणजे होडी चालवणाऱ्या प्रमुखाचा, मोबाइल दिवसभर नकाशा उघडा ठेवून चालतो, तो दोनदा भरावा लागतो.

दिवसाचा खर्च असा येतो: तिघांचे मोबाइल ७५, तांडेलाचा ५०, डोक्याला लावायचे दोन टॉर्च मिळून २४, हातातला व्हीएचएफ (बिनतारी रेडिओ) १५. बेरीज १६४. एखादी केबल जुनी असते, कोणी मोबाइलवर सिनेमा बघतो, म्हणून २०० वॉट-अवर धरून चाला. फिक्स बसवलेला २५ वॉटचा व्हीएचएफ या हिशेबात नाही. तो बोलताना एकटाच ५-६ अँपिअर ओढतो, त्याला वेगळी लाइन आणि वेगळा फ्यूज लागतो.

एक बिनखर्चाची बचत: रेंज नसलेल्या पाण्यात मोबाइल सतत टॉवर शोधत राहतो आणि त्यातच निम्मा रिकामा होतो. एअरप्लेन मोडवर टाकून ब्लूटूथ आणि लोकेशन तेवढं चालू ठेवलं तर डॅट आणि नकाशा दोन्ही चालतात.

बॅटरी

इंजिनच्या बॅटरीवर चार्जिंग घेऊ नका. स्टार्टिंगची बॅटरी काही सेकंद मोठा करंट द्यायला बनवलेली असते. हळूहळू खाली उतरवली की तिच्या प्लेटी लवकर मरतात. चार्जिंगसाठी दुसरी, छोटी, स्वतंत्र बॅटरी हवी.

लेड-अ‍ॅसिड घेतली तर ती निम्म्याच्या खाली उतरवायची नाही. म्हणजे २०० वॉट-अवरसाठी १२ व्होल्ट ३५ अँपिअर-अवरची सीलबंद बॅटरी लागेल. वजन दहा-अकरा किलो. लिथियम आयर्न फॉस्फेटची, दुकानात जिला लायफपो४ म्हणतात, १२.८ व्होल्ट २० अँपिअर-अवरची घेतली तर तिच्यात २५६ वॉट-अवर असतात, त्यातले ऐंशी टक्के बिनधास्त वापरता येतात, आणि वजन जेमतेम अडीच-तीन किलो. लहान होडीवर वजनाचा हा फरक मोठा आहे. आमचं मत लायफपो४च्या बाजूने आहे, दोन अटींवर: आत बीएमएस (बॅटरी फार उतरली किंवा फार भरली की तोडणारं सर्किट) असलाच पाहिजे, आणि तिचा चार्जर व सोलर कंट्रोलर याच प्रकारच्या बॅटरीला चालणारे असले पाहिजेत.

लेड-अ‍ॅसिड किती भरलेली आहे ते मल्टीमीटरवर कळतं. तास-दोन तास विश्रांती दिल्यावर १२.७ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.१ ते १२.२ म्हणजे निम्मी. लायफपो४चं तसं नाही. ती बराच काळ १३.२-१३.३ व्होल्टवरच रेंगाळते आणि शेवटी एकदम कोसळते. व्होल्टमीटर बघून ‘अजून भरपूर आहे’ म्हणणारा इथे फसतो. टक्के दाखवणारा, करंट मोजणारा शंट-मीटर लावा किंवा किती मोबाइल भरले याची मोजणी ठेवा.

१२ व्होल्ट लांब न्या, ५ व्होल्ट नाही

घरगुती जोडणीत सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक अशी: कन्व्हर्टर बॅटरीपाशी बसवायचा आणि तिथून ५ व्होल्टची बारीक वायर तांडेलापर्यंत न्यायची. अर्धा चौरस मि.मी.च्या तारेचा रोध मीटरला साधारण ०.०४ ओहम असतो. बॅटरीपासून ५ मीटरवर सॉकेट म्हणजे जाऊन-येऊन १० मीटर तार, रोध ०.४ ओहम. २.४ अँपिअर करंट नेला की जवळपास एक व्होल्ट वायरीतच जातो. मोबाइलला मिळतात चार. त्यावर ‘चार्जिंग’ असं दिसतं, टक्के मात्र हलत नाहीत.

तीच वाट १२ व्होल्टवर अडीच चौरस मि.मी.च्या वायरीने करा. रोध ०.०८ ओहम, पूर्ण लोडला ४.६ अँपिअर, घट ०.३७ व्होल्ट. सॉकेटमधला कन्व्हर्टर ११ व्होल्टवरही बिनतक्रार चालतो, त्यामुळे त्याला याचा पत्ताही लागत नाही. म्हणून कन्व्हर्टर सॉकेटच्या आतच हवा. १२-२४ व्होल्ट लिहिलेले, पाठीमागे दोन पट्ट्या असलेले पॅनेलमध्ये बसवायचे गोल सॉकेट तसेच असतात.

सामान

दोन यूएसबी सॉकेट घ्या, प्रत्येकात एक सी-पीडी (टाइप-सी, जलद चार्जिंगचा) ३० वॉटचा पोर्ट आणि एक १८ वॉटचा ए-पोर्ट (जुना चौकोनी यूएसबी). एक सुकाणूजवळ, एक पुढे नाळेकडच्या बंदिस्त जागेत. दोन्ही पोर्ट पूर्ण चालले तर एका सॉकेटचा भार ४८ वॉट, बॅटरीकडून ५५, म्हणजे ४.६ अँपिअर. फ्यूज त्याच्या ऐंशी टक्क्यांपर्यंतच सतत वापरावा, म्हणून ५चा नको, ७.५ अँपिअरचा. दोन्ही सॉकेट मिळून सव्वानऊ अँपिअर, त्याला मुख्य फ्यूज १५चा. ब्लेड फ्यूजचे रंग ठरलेले असतात: ५ फिका तपकिरी, ७.५ तपकिरी, १० लाल, १५ निळा. अंधारात टॉर्चच्या उजेडात फिका आणि गडद तपकिरी सारखेच दिसतात, आकडा वाचूनच लावा.

वायर: बॅटरी ते फ्यूजबॉक्स चार चौरस मि.मी.ची, लाल आणि काळी दीड-दीड मीटर. फ्यूजबॉक्स ते सॉकेट अडीचची, दोन्ही मिळून सोळा मीटर, म्हणजे वळणाला थोडी उरते. वायर कलई केलेल्या तांब्याची घ्या, दुकानात ‘टिन्ड कॉपर’ किंवा ‘मरीन वायर’ म्हणून मागा. साध्या वायरीत खारं पाणी टोकातून शिरतं आणि केशिकेसारखं आत चढत जातं. वर्षाने सोलून बघितलं तर हातभर आतपर्यंत तार काळी निघते. मरीन वायर मिळाली नाही तर साधी वापरा, पण प्रत्येक टोक गोंदवाल्या हीट-श्रिंकने बंद करा आणि दर दोन हंगामांनी बदलायची हे आजच मान्य करा. घराच्या वायरिंगची एकाच जाड तारेची वायर मात्र कधीच नको; इंजिनच्या थरथरीने ती आतल्या आत तुटते.

याशिवाय: झाकणाचा चार किंवा सहा फ्यूजचा ब्लेड फ्यूजबॉक्स, बॅटरीजवळ लावायचा वॉटरप्रूफ फ्यूज-होल्डर, १२ व्होल्ट डीसी २० अँपिअरचा रबरी टोपीचा मुख्य स्विच, निगेटिव्हसाठी छोटा बसबार (सगळ्या काळ्या वायरी एकत्र आणणारी पट्टी), आयपी६५ किंवा वरच्या (पाणी अडवण्याच्या) दर्जाचा प्लॅस्टिकचा बॉक्स, वायर बॉक्समध्ये शिरते तिथे लावायच्या पीजी७ आणि पीजी९ ग्लँड, वायरीच्या टोकाला चेपायची निळी थिंबलं (दीड ते अडीचच्या वायरीला) आणि पिवळी (चार ते सहाला), ६.३ मि.मी.चे चपटे स्पेड, गोंदवाली हीट-श्रिंक स्लीव्ह, ३१६ दर्जाचे स्टीलचे स्क्रू. सोलर ५० वॉटचं पॅनेल आणि ५ किंवा १० अँपिअरचा कंट्रोलर. हत्यारांत रॅचेट क्रिंपर (थिंबल चेपायची पकड) आणि मल्टीमीटर यांवर कंजुषी करू नका. साध्या पकडीने चेपलेलं थिंबल हातात घट्ट वाटतं आणि पाण्यात सैल होतं.

घरच्या बोर्डाचा एसी स्विच इथे लावायचा मोह आवरा. एसीत करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो आणि ठिणगी विझते. डीसीत ती विझत नाही, कॉन्टॅक्ट हळूहळू जळतात.

जोडणी

सगळं काम होडी किनाऱ्यावर ओढलेली, कोरडी, आणि बॅटरी घरी असताना करायचं. बॅटरी होडीत सर्वांत शेवटी येते.

१. जागा ठरवा. बॅटरी होडीच्या तळात नको, तिथे उपसायचं पाणी साचतं. बाकाखाली, तळापासून वीतभर उंच फळीवर, पट्ट्याने करकचून बांधलेली असावी. लाटेत आपटणारी बॅटरी स्वतःचेच टर्मिनल तोडते. पेट्रोलच्या टाकीपासून लांब ठेवा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली साचते, आणि स्विचची एक ठिणगी तिला पुरते. टाकी ज्या बंद कप्प्यात आहे तिथे स्विच, फ्यूजबॉक्स किंवा बॅटरी काहीच नको. लेड-अ‍ॅसिड असेल तर वरून हवा जायला वाट ठेवा, चार्ज होताना निघणारा हायड्रोजन वर चढतो.

२. सॉकेटचं भोक. गोल सॉकेटला बहुतेक वेळा २९ मि.मी.चं भोक लागतं, तरी आधी मोजा. फायबरवर मास्किंग टेप लावून होल-सॉ हळू चालवा, नाकातोंडावर मास्क हवा. कापलेली कड उघडी ठेवू नका, आतल्या प्लायवूडमध्ये पाणी शिरून फळी फुगते. कडेला रेझिनचा हात द्या. सॉकेट उभ्या पृष्ठभागावर, तोंड होडीच्या आत करून, बाकाच्या किंवा छताच्या आडोशाला बसवा. आडव्या फळीवर आभाळाकडे तोंड केलेला सॉकेट म्हणजे मिठाच्या पाण्याची वाटी.

३. वायर ओढा. लाल-काळी जोडी एकमेकींना पीळ घालून न्या, दर वीतभर अंतरावर क्लिप मारा. भोकातून जाताना रबरी ग्रोमेट लावा. बॉक्समध्ये वायर नेहमी खालून शिरवा, आणि शिरण्यापूर्वी तिला खाली झोळ द्या. वायरीवरून ओघळणारं पाणी त्या झोळाच्या तळाशी थेंब होऊन गळतं, आत जात नाही. हा एक झोळ ग्लँडपेक्षा जास्त कामाचा आहे.

४. टोकं करा. सात-आठ मि.मी. सोला, थिंबल घाला, रॅचेट सुटेपर्यंत चेपा, मग जोर लावून ओढून बघा. सुटलं तर आत्ताच सुटू दे. नंतर हीट-श्रिंक चढवून कडेने गोंद दिसेपर्यंत तापवा. नुसतं सोल्डर करून जोडू नका: सोल्डर जिथे संपतं तिथे तार कडक होते आणि थरथरीने तिथेच तुटते. वळसे मारून वर काळी टेप गुंडाळलेला जोड होडीवर एक पाऊसही काढत नाही.

५. फ्यूज बॅटरीजवळ. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून १८ सेंटिमीटरच्या आत मुख्य फ्यूज हवा; अमेरिकन बोटींच्या एबीवायसी मानकातलं ७ इंच अंतर तेच आहे. फ्यूज मोबाइलला वाचवण्यासाठी नसतो, वायरीला वाचवण्यासाठी असतो. त्यामुळे फ्यूजच्या आधीची जेवढी वायर, तेवढी बेवारशी. ती घासून शॉर्ट झाली तर तिला थांबवणारं कोणी नाही. फ्यूजनंतर मुख्य स्विच, मग फ्यूजबॉक्स, तिथून प्रत्येक सॉकेटला ७.५चा स्वतंत्र फ्यूज.

६. निगेटिव्ह बसबारवर. प्रत्येक सॉकेटची काळी वायर बसबारपर्यंत परत आली पाहिजे. ‘इंजिनची बॉडी आहे ना, तिलाच जोड’ हा गाडीच्या गॅरेजमधला सल्ला पाण्यावर महागात पडतो. खाऱ्या पाण्यातून भरकटणारा करंट आउटबोर्डच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पायाला खातो, त्याला वाचवायला लावलेलं झिंक लवकर संपतं, आणि का ते कळत नाही.

७. बॅटरी. सगळे फ्यूज काढून ठेवा. पॉझिटिव्ह जोडा, मग निगेटिव्ह. सॉकेटच्या वायरींवर मल्टीमीटरच्या कंटिन्युइटी (बीप) सेटिंगने लाल-काळ्याची खात्री करा, आणि मगच एक-एक फ्यूज बसवा. टर्मिनल आवळून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेलीचा लेप द्या.

सोलर

कोकणात पावसाळा सोडून दिवसाला पाचेक तास भर उन्हाएवढी ऊर्जा धरता येते. ५० वॉटचं पॅनेल, आडवं ठेवलेलं, वर मिठाचा थर, अधूनमधून सावली: कागदावरच्या अडीचशेपैकी दीडशे वॉट-अवर हातात येतात. रोजचा खर्च दोनशे, म्हणजे दोन दिवसांच्या फेरीत बॅटरीवर शंभराचाच भार पडतो, आणि एक दिवस ढगाळ गेला तरी निभतं. पॅनेलवरचे सेल एकामागे एक जोडलेले असल्याने डोलकाठीची किंवा दोरीची बारीक सावलीसुद्धा मोठा हिस्सा गिळते. जाळ्याचा ढीग पॅनेलवर ठेवायची सवय असेल तर पॅनेल घेऊच नका.

१२ व्होल्टचं म्हणून विकलं जाणारं पॅनेल कामात १८ व्होल्ट आणि उघड्यावर २१-२२ व्होल्ट देतं. ते थेट बॅटरीला किंवा सॉकेटला जोडायचं नसतं, मध्ये कंट्रोलर लागतोच. ५० वॉटला साध्या पीडब्ल्यूएम प्रकारचा कंट्रोलर पुरतो; तो पाव ऊर्जा वाया घालवतो, पण ती वाचवणाऱ्या एमपीपीटी प्रकाराच्या जादा पैशात मोठं पॅनेल येतं. क्रम पाळा: कंट्रोलरला आधी बॅटरी, मग पॅनेल. काढताना उलट. आधी पॅनेल जोडलं तर कंट्रोलरला बॅटरीचा व्होल्टेज ओळखता येत नाही, कधी तो जळतोही. बॅटरी आणि कंट्रोलर यांच्यामध्ये ५ अँपिअरचा वेगळा फ्यूज, बॅटरीच्या टोकाला.

दोन खाचखळगे इथे आहेत. स्वस्त पीडब्ल्यूएम कंट्रोलरमध्ये पॉझिटिव्ह सामाईक असतो आणि स्विचिंग निगेटिव्हमध्ये होतं. अशा कंट्रोलरच्या पॅनेलची निगेटिव्ह वायर बसबारवर आणून टाकली की कंट्रोलर बाजूला पडतो आणि पॅनेल बॅटरीला बेलगाम भरत सुटतं. पॅनेलच्या दोन्ही वायरी फक्त कंट्रोलरलाच जाऊ द्या. दुसरं, कंट्रोलरवर ‘लिथियम’ लिहिलेलं असलं तरी तो लायफपो४च असेल असं नाही. तीन सेलच्या लिथियम-आयनला १२.६ व्होल्ट लागतात, चार सेलच्या लायफपो४ला १४.२ ते १४.६. पहिल्या सेटिंगवर तुमची बॅटरी कायम रिकामी राहील. लेड-अ‍ॅसिडला १४.४पर्यंत भरून पुढे १३.६च्या आसपास धरून ठेवणारी सेटिंग योग्य.

इंजिनवरून चार्जिंग घेता येतं का

रस्सी ओढून चालू होणाऱ्या लहान आउटबोर्डमध्ये बऱ्याचदा फक्त दिव्याची कॉइल असते. तिच्यातून एसी निघतो आणि इंजिन रेसला लावलं की व्होल्टेज चढत जातो. तिला यूएसबी सॉकेट थेट जोडला की पहिल्याच दिवशी जातो. त्या इंजिनाला बसणारा रेक्टिफायर-रेग्युलेटर (एसीचा डीसी करून व्होल्टेज आवरणारा) घेऊन, तो बॅटरीला जोडून, बॅटरीकडून सॉकेटला घ्यावं लागतं. रेक्टिफायर-रेग्युलेटर असतानाही इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढू नका. तेवढ्या क्षणात व्होल्टेजची जी उसळी येते ती कन्व्हर्टर मारायला पुरेशी असते.

मोठ्या नौकेवर २४ व्होल्ट असेल तर दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरून १२ व्होल्ट चोरू नका. एक कायम उपाशी राहते, दुसरी जास्त भरली जाते, आणि दोन्ही मरतात. १२-२४ लिहिलेला सॉकेट सरळ २४वर लावा.

सॉकेटही स्वतःच बनवायचा असेल तर

हौस असेल तर व्होल्टेज उतरवणारं, एलएम२५९६ चिपचं मॉड्यूल स्वस्तात मिळतं. त्यावर ३ अँपिअर लिहिलेलं असतं. बंद बॉक्समध्ये, कोकणच्या उन्हात, २च्या वर भरवसा ठेवू नका. आउटपुट आधी मल्टीमीटरवर ५.१ व्होल्टला लावा आणि छोटा पिवळा-निळा स्क्रू नेलपॉलिशच्या थेंबाने जाम करा. थरथरीने तो फिरला तर मोबाइलला ९ व्होल्ट जातील. शक्यतो कायम ५ व्होल्टचंच मॉड्यूल घ्या. मॉड्यूल आतून शॉर्ट झालं तर १२ व्होल्ट पुढे जातात, म्हणून आउटपुटवर जादा व्होल्टेज रोखणारा ५ व्होल्टचा टीव्हीएस डायोड आणि इनपुटला ३ अँपिअरचा फ्यूज.

ए-पोर्टला डेटाच्या दोन पिना एकमेकींना जोडा. त्या मोकळ्या राहिल्या तर मोबाइलला समोर चार्जर आहे हे कळत नाही, तो अर्धा अँपिअर घेतो किंवा नकार देतो. सी-पोर्टला दोन्ही सीसी पिनांना (चार्जर किती करंट देईल ते मोबाइलला सांगणाऱ्या) ५ व्होल्टकडे वेगवेगळा २२ किलो-ओहमचा रेझिस्टर लावला की मोबाइल दीड अँपिअरपर्यंत घेतो, १० किलो-ओहमचा लावला की ३; मॉड्यूल जेवढं झेपवतं त्यापेक्षा मोठं आश्वासन देऊ नका. खरं सांगायचं तर एवढं करून मिळतो ५ व्होल्टचा संथ चार्जर. वायरिंग स्वतः करा, सॉकेट तयार घ्या, हा आमचा सल्ला.

मीठ

बिघाडांपैकी बहुतेक इथेच सुरू होतात. ए-पोर्टमध्ये स्विच चालू असेपर्यंत ५ व्होल्ट सतत उभे असतात. त्यावर खाऱ्या पाण्याचा एक थेंब पडला की इलेक्ट्रोलिसिस सुरू होतं आणि पिन काही दिवसांत हिरवी होऊन झिजते. नीट बनवलेला सी-पोर्ट केबल लागेपर्यंत वीज बाहेर काढतच नाही, म्हणून तो होडीवर जास्त टिकतो. दोन्हींचा मुख्य स्विच वापर नसताना बंद ठेवा. आयपी६७चा आकडा झाकण बंद असतानाचा असतो. केबल लावलेल्या सॉकेटला तो लागू नाही.

सॉकेटभोवती लावायचं सिलिकॉन वास घेऊन निवडा. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं असेल तर ते सुकताना निघणारं अ‍ॅसिड तांबं खातं. न्यूट्रल क्युअर असं लिहिलेलं घ्या. बॉक्स पूर्ण बंद केला तरी रात्रीच्या गारव्यात आत दव धरतं. सिलिका जेलची पुडी टाका आणि महिन्याने बदला.

मोबाइलने ओलाव्याचा इशारा दिला तर फुंकर मारून परत केबल घालू नका. गोड्या पाण्याने ओलसर केलेल्या कापडाने मीठ पुसा, तोंड खाली करून वाऱ्यात वाळू द्या. केबल हा खर्चाचा माल आहे. दोन जादा, पिशवीत बंद.

व्हीएचएफ आणि होकायंत्र

स्वस्त कन्व्हर्टर रेडिओत घरघर ओततात. तपासणी सोपी: व्हीएचएफ चॅनेल १६वर, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झवर ठेवा, स्क्वेल्च (खरखर दाबणारं बटण) पूर्ण उघडा आणि चार्जिंगचा स्विच चालू-बंद करा. आवाज बदलला तर सॉकेट अँटेनापासून मीटरभर लांब न्या, वायरीवर सॉकेटच्या अगदी जवळ क्लिपवाला फेराइट (घरघर शोषणारं कडं) लावा. तरी थांबत नसेल तर सॉकेट बदला. दुसऱ्या होडीची हाक त्या घरघरीत बुडू शकते.

होकायंत्रासाठीही तशीच चाचणी. सगळे मोबाइल लावून स्विच चालू करा आणि तबकडी हलते का बघा. पीळ घातलेल्या वायरीत जाणारा आणि येणारा करंट एकमेकांचं चुंबकत्व मारतात. सुट्या वायरीत तसं होत नाही. लोहचुंबकाचा मोबाइल-होल्डर होकायंत्राजवळ लावणं हा त्याहून मोठा घोटाळा आहे.

पाण्यात नेण्यापूर्वी

सर्व पोर्टवर मोबाइल लावा, तेही निम्म्याच्या खाली उतरलेले. भरलेला मोबाइल करंटच घेत नाही आणि चाचणी फुकट जाते. बॅटरीवर आणि सॉकेटच्या पाठच्या पट्ट्यांवर एकाच वेळी व्होल्टेज मोजा. फरक अर्ध्या व्होल्टच्या आत हवा. अर्ध्या तासाने प्रत्येक थिंबल, फ्यूज-होल्डर आणि स्विचला हात लावा. कोमट चालेल, चटका बसला तर तो जोड सैल आहे, फ्यूज मोठा लावून तो दोष झाकला जात नाही. मग गोड्या पाण्याची बादली सॉकेट असलेल्या भिंतीवर मारा आणि बॉक्स उघडून आत कोरडं आहे का बघा.

पुढे काही बिघडलं तर आधी सॉकेटच्या पाठी व्होल्टेज बघा. लोड नसताना १२ आणि मोबाइल लावताच ९ होत असेल तर जोड किंवा वायर सडली आहे. लोडवरही १२ टिकतात पण चार्जिंग होत नाही, तर दोष केबल किंवा सॉकेटचा. चार्जिंग दुपारीच थांबतं आणि संध्याकाळी चालतं, तर दोष कशाचाच नाही: उन्हात पडलेला मोबाइल तापल्यावर स्वतःच चार्जिंग थांबवतो, त्याला सावलीत ठेवा. लायफपो४ अचानक शून्य व्होल्ट दाखवू लागली तर ती मेलेली नसते. बीएमएसने तोडलं आहे, योग्य चार्जर लावला की बहुधा उठते.

पावसाळी बंदीत

१ जून ते ३१ जुलै होडी वर असते आणि बॅटरी तिच्यातच विसरली जाते. व्होल्ट दाखवणारा छोटा आकडेवाला सॉकेट रिकामा असतानाही २० मिलिअँपिअर पितो. दिवसाला ०.४८ अँपिअर-अवर, ६१ दिवसांत २९. तुमची बॅटरी २०ची आहे.

म्हणून होडी ओढली की आधी सोलर पॅनेलची वायर काढा, मग बॅटरी काढून घरी न्या. लायफपो४ निम्मी-साठ टक्के भरून, लेड-अ‍ॅसिड पूर्ण भरून ठेवा, आणि लेड-अ‍ॅसिडला महिन्यातून एकदा चार्जर दाखवा. फ्यूज काढून बाटलीत ठेवा, सॉकेट गोड्या पाण्याच्या फडक्याने पुसून झाकण लावा, बॉक्समध्ये नवी सिलिका. नारळी पौर्णिमेच्या आधी परत बसवताना प्रत्येक थिंबल पुन्हा एकदा ओढून बघा, आणि हिरवं दिसेल ते टोक कापून नवीन करा. सोळा मीटरमध्ये वायर थोडी जास्त घ्यायला सांगितली ती यासाठीही.